विळीवरचं जीवशास्त्र

मंजिरीचा फोन आला तेव्हा मी पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. "शैलाताई, आत्या गेली... आज पहाटे. झोपेतच." एवढं सांगून ती थांबली. मी "बरं" म्हटलं. माणूस गेल्याच्या बातमीला कुणी "बरं" म्हणतं का! पण तोंडातून तेच आलं. मंजिरीची आत्या म्हणजे आमच्या दामलेबाई. नव्वदीला एक वर्ष कमी होतं. मी स्वतः पंचाहत्तरी उलटलेली, कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. जन्माला आलेलं जातं, हे मी तीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढून सांगितलेलं. तरीही त्या दिवशी पावट्याची उसळ खारट झाली आणि घरातल्या कुणी अवाक्षर काढलं नाही. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. बाईंबद्दल लिहायचं असं रोज ठरवत होते आणि रोज टाळत होते. का टाळत होते, तेही सांगते.

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि आई खानावळ चालवायची. आमच्या दोन खोल्यांत बावीस गिरणीकामगार दोन पाळ्यांनी जेवायचे, सगळे मालवण-वेंगुर्ल्याकडचे. आईला सगळे मावशी म्हणत. त्यांना रोज मासळी लागे, आणि ती बाजारातून आणण्यापासून कापण्यापर्यंत सगळं आई एकटी करायची. मी परळच्या मुलींच्या शाळेत नववीत होते. त्या वर्षी दामलेबाई आमच्या शाळेत नव्याने आल्या. गिरगावात राहणाऱ्या, अविवाहित, जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या, वनस्पतिशास्त्रातली पदवी घेतलेल्या. पांढरं पाचवारी पातळ, जाड चष्मा आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीतून पहिल्याच तासाला एक कांदा, एक बटाटा आणि एक रताळं निघालं. "यातलं मूळ कुठलं?" आम्ही एका सुरात सांगितलं, तिन्ही. "तिन्ही जमिनीखाली वाढतात, म्हणून होय? जमिनीखाली राहिलं म्हणून कुणी मूळ होत नाही," असं म्हणून त्यांनी बटाट्याचे डोळे दाखवले, तिथून फांदी फुटते म्हणून ते खोड, रताळं हे खरंखुरं मूळ, आणि कांदा म्हणजे नुसती जाड झालेली पानं. आमच्या लालबागेत झाड म्हणजे गिरणीच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ, दुसरं काही नाही. बाईंनी आम्हाला रस्त्यावर नेऊन तोच दाखवला. पान उन्हात बसून स्वतःचं अन्न स्वतः शिजवतं, हे त्या अशा थाटात सांगायच्या की मला ते पान म्हणजे आमची दुसरी खानावळच वाटायला लागली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीच्या भिंतीभिंतीवर 'मुंबईसह' लिहिलेलं. आज मोर्चा, उद्या हरताळ. आमच्याकडचे जेवणारे सभेला जायचे आणि घसा बसवून यायचे, मग आई त्यांना सार पाजायची. शाळा चार दिवस भरली की दोन दिवस बंद. आणि या सगळ्या धामधुमीत आम्हा आठ मुलींचं एक वेगळंच आंदोलन चाललं होतं. आमच्या शाळेत दहावीला मुलींसाठी गृहशास्त्र होतं, जीवशास्त्र नव्हतंच. बाईंनी अर्ज करकरून संस्थेच्या चालकांना एवढ्यापर्यंत आणलं होतं की, शिक्षणखात्याचे तपासनीस येतील, त्यांना प्राण्यांचे पुरेसे नमुने दिसले आणि बाईंना विच्छेदन नीट करता येतं असं त्यांचं मत पडलं, तर पुढच्या वर्षीपासून विषय सुरू. नाही तर नाही. "मुलींना शिवणकामाचा काय उपद्रव होतो?" असं चालकांनी बाईंना तोंडावर विचारलं होतं. तपासणीला तीन महिने होते. मला जीवशास्त्र हवंच होतं. ते नसतं तर दोन वर्षं शिवण टिपून मी खानावळीतच बसले असते. यात खानावळीचा कमीपणा नाही, तिच्यावर मी वाढले. पण मला तिथं बसायचं नव्हतं.

आता गंमत अशी की, ज्या बाई आमच्यासाठी भांडत होत्या, त्यांची प्राण्यांशी ओळख पुस्तकातली. वनस्पती त्यांच्या हातातल्या. इंटरला एक बेडूक आणि चार झुरळं कापली असतील तेवढीच. आणि घर असं, की मासळीचा वास नाकात गेला तरी आंघोळ. हे उघडकीला आलं ते माझ्यामुळे. चाचणीत प्रश्न होता, 'माशांची तीन उदाहरणे लिहा.' मी मोठ्या दिमाखात लिहिलं, बांगडा, कोलंबी, माकूल, म्हणजे हल्ली ज्याला स्क्विड म्हणतात ते. बाईंनी पुढची दोन्ही नावं खोडली. मला संताप आला. माशांच्या बाबतीत माझी चूक काढणारं माणूस सबंध परळमध्ये नव्हतं! बाईंनी शांतपणे समजावलं, मासा म्हणजे ज्याला पाठीचा कणा आहे, कल्ले आहेत, पर आहेत. कोलंबीला कणा नाही. तिचे पाय सांध्यासांध्याचे आणि हाडं नसून बाहेरून कवच. ती संधिपाद, म्हणजे झुरळाच्या संघातली.

मी हे घरी जाऊन पंगत बसलेली असताना सांगितलं. आणि नेमकं ताटात कोलंबीचं कालवण. जेवणाऱ्यांपैकी एकाचा हात ताटातच थांबला. आई कोलंबीला सुंगटां म्हणायची. ती पळी हातात घेऊन माझ्या अंगावर आली, "कोणी सांगल्यान गो तुका? माझ्या सुंगटांका झुरळां म्हणता ती बाई? घेवन ये तिका हंय. माका बघूंचीच हा ती!"

दुसरी कुणी बाई असती तर आली नसती. दामलेबाई पुढच्याच रविवारी आल्या. चपला बाहेर काढून, पदर खोचून, मोरीपाशी पाटावर बसल्या. आईनं टोपली पुढे सरकवली.

"बाईनू, तुमी सुंगटां कदी सोललीत?"

"नाही हो मावशी. आम्ही खात नाही. घरात येतच नाहीत."

"मगे तुमी पोरांका काय शिकवतास?"

"पुस्तकातलं."

"पुस्तकात वास येता काय?"

बाई हसल्या, अगदी मोकळं हसल्या. मग त्यांनी एक कोलंबी उचलली. चिमटीत, अंगापासून लांब धरून. त्यांनी आईला कोलंबीच्या पायांचे सांधे दाखवले, सालीचे पेर दाखवले. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झुरळाक पाय सा. हिका धा. मोजून बघा." बाईंनी खरंच मोजले. "बरोबर आहे तुमचं. म्हणजे बहीण नव्हे, लांबची चुलतबहीण म्हणू." आई म्हणाली, "चुलत चलात." तिथं त्या दोघींचं जुळलं ते कायमचं.

त्यानंतर दर रविवारी बाई गिरगावहून यायच्या. दुपारची पंगत उठली की मोरीपाशी त्यांची शाळा भरायची, आणि तिथं मास्तरीण माझी आई. बांगडा कसा धरायचा, विळीवर तो कुठून चालवायचा, कल्ले न फाटता कसे काढायचे, पोट कसं उघडायचं म्हणजे आतलं सगळं जागच्या जागी दिसतं. पहिल्या रविवारी बाई दोनदा उठून गॅलरीत गेल्या आणि तोंडावर पाणी मारून परत आल्या. तिसऱ्या रविवारी गेल्या नाहीत. आई कापताना मासळीचे ढीग लावायची, काट्याची एकीकडे, सालीची दुसरीकडे, शिंपीची तिसरीकडे; कारण प्रत्येकीची साफ करायची तऱ्हा निराळी. बाई वहीत त्या ढिगांपुढे नावं लिहायच्या, पृष्ठवंशी, संधिपाद, मृदुकाय. एकदा त्यांनी आईची परीक्षा घ्यायची म्हणून माकूल उचललं. "मावशी, हे कुठं जाईल? याला ना काटा, ना साल, ना शिंपी." आईनं ते बुळबुळीत माकूल हातात घेतलं, आत बोट घातलं आणि काचेसारखी पारदर्शक एक लांब पट्टी ओढून बाहेर काढली. "ह्या तिसऱ्यांतला. शिंपी हा, पण भायर नाय, आत हा." बाई कितीतरी वेळ ती पट्टी उजेडाकडे धरून बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "शैला, माझ्या पुस्तकात हे एक पान खर्चून लिहिलंय. तुझ्या आईनं बोटानं दाखवलं." त्या बदल्यात त्यांनी आईला कांदा म्हणजे पानं हे शिकवलं. आई म्हणाली, "म्हणजे इतकी वर्सां मी ह्यांका पालोच घालतंय!"

बाईंनी स्वतः मात्र जन्मात मासा तोंडात घातला नाही. आमच्याकडे त्या पाणीसुद्धा घरून आणलेलं प्यायच्या. आईला त्याचं काही वाटायचं नाही. "आपापला सोवळा आपणाकडे," म्हणायची. लोणच्याच्या बरण्या आम्ही मुलींनी घरोघरून जमवल्या, औषधवाल्याकडून फॉर्मॅलिन आलं, आणि बरणी-बरणीनं शाळेतलं एक कपाट भरत गेलं. खेकडा, कालवं, माकूल, तारामासा. तारामासा आणला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या वर्गातल्या मैत्रिणीनं, ओहोटीला खडकांत उतरून, आणि बक्षीस म्हणून बरणीवर चिठ्ठी डकवायचा मान तिला मिळाला. हाही मासा नव्हे, हे तिनंच सगळ्या वर्गाला बजावून सांगितलं.

आणि मग मी ते केलं. तपासणीला दोन आठवडे राहिले होते. हरताळामुळे शाळा तीन दिवस बंद होती. वडिलांचं गिरगावात काही काम निघालं, तर आईनं मला त्यांच्याबरोबर धाडलं. कोळणीनं रविवारी जिवंत खेकडे द्यायचं कबूल केलंय, वेळेवर या, हा बाईंना निरोप. वडील मला चाळीच्या जिन्यापाशी सोडून पुढे गेले. बाई वाचनालयात गेल्या होत्या. घरात त्यांच्या आई होत्या, नऊवारीतल्या, कपाळ मोकळं, आवाज फार गोड. त्यांनी मला बसवलं, बेसनाचा लाडू दिला आणि कौतुकानं विचारलं, "आमची इंदू शिकवते का गं नीट?" मला बाईंचं किती सांगू आणि किती नको असं झालं. मी म्हटलं, "आजी, बाई फार हुशार आहेत. बांगडा तर आता माझ्या आईपेक्षा झटकन कापतात!"

आजी माझ्यासाठी भांड्यात पाणी ओतत होत्या. त्यांचा हात थांबला. "कुठं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आमच्या घरी. दर रविवारी." आजींनी पाण्याचं भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि आत गेल्या. पोरवयातही मला कळलं की काहीतरी बिनसलं. बाईंनी घरी 'शाळेचं काम' एवढंच सांगितलं असणार, हे परतताना ध्यानात आलं.

शाळा उघडली त्या दिवशी मी बाईंना गाठलं. रडतच सगळं सांगितलं. बाईंनी माझं ऐकून घेतलं, म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मलाच सांगायला हवं होतं, होत नव्हतं. आता डोळे पूस. रविवारी खेकडे आहेत ना?" संपलं. रविवारी त्या आल्या, जरा ओढलेल्या दिसल्या, पण आल्या. काम झाल्यावर आईला म्हणाल्या, "मावशी, थोडा भात आणि साधी आमटी मिळेल? तुमच्या मासळीच्या भांड्यातली नको." आईनं नव्या पातेल्यात आमटी केली. ज्या बाई आमच्याकडचं पाणी पीत नव्हत्या, त्या पोटभर जेवल्या. आमची आमटी बाईंना आवडली म्हणून मी चाळभर मिरवले. मला वाटलं, घरात आता सगळं सुरळीत झालं... तसं वाटून घेणं माझ्या सोयीचंही होतं.

तपासनीस आले ते कोट घालून, कपाळाला आठ्या घेऊन. बरण्या पाहिल्या, चिठ्ठ्या वाचल्या, मग म्हणाले, "विच्छेदन आपण स्वतः करून दाखवाल का?" प्रश्नातच उत्तर नाही असं गृहीत होतं. शाळेची कात्री आयत्या वेळी एवढी गंजकी निघाली की तिनं कागद कापला नसता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी धावत घरी गेले आणि आईची विळी घेऊन आले. बाई पदर खोचून सरळ जमिनीवर बसल्या आणि बांगडा विळीवर असा उघडला की कल्ले, हृदय, यकृत, आतडी, सगळं जागच्या जागी. तपासनीस उकिडवे बसून बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "बाई, आपलं गाव कुठलं? रत्नागिरीकडे का?" बाई म्हणाल्या, "गिरगाव." आम्हाला जीवशास्त्र मिळालं. आठांपैकी दोघी परिचारिका झाल्या, एक डॉक्टर झाली, आणि मी शिकवत राहिले.

पुढे मी बाईंकडे कायम जात राहिले. आई गेल्यावर तर जास्तच. त्यांची जागा ठरलेली, मागची गॅलरी. तिथं एक स्टूल, एक पाट आणि कुंड्याच कुंड्या. नेचे, अळू, मनी प्लांट, हिरवीगार रुंद पानं. जेवणही त्यांचं तिथंच चालायचं. एकदा मी विचारलं, "बाई, आत पंखा आहे, टेबल आहे, इथं अडचणीत का जेवता?" त्या म्हणाल्या, "अगं, इथं ऊन छान येतं." मी मान डोलावली. झाडांची बाई, झाडांत बसणार. माझ्या विद्यार्थिनींना मी ही गोष्ट बाईंच्या झाडवेडाचं उदाहरण म्हणून सांगत आले.

तेरावं झाल्यावर मी गिरगावला गेले. मंजिरी, म्हणजे बाईंच्या भावाची मुलगी, आता तिथं राहते. मी सवयीनं गॅलरीत जाऊन स्टुलावर बसले. ती चहा घेऊन आली. "शैलाताई, आत बसा ना. इथं दिवसा दिवा लावावा लागतो."

"असू दे गं. बाईंना इथलं ऊन आवडायचं."

"ऊन?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मागची इमारत एवढी खेटून आहे. इथं कधी ऊन येतं?" मग तिनं सांगितलं. तिच्या आजीनं, म्हणजे बाईंच्या आईनं, बाईंना बजावलं होतं, मासळी कापायची तर ते हात माझ्या चुलीला आणि माझ्या पंगतीला लागायचे नाहीत. काय ते ठरव. बाईंनी त्या दिवशी स्वतःचं ताट उचललं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. "कुणा मुलीनं येऊन आजीला सांगितलं म्हणे. आत्यानं तिचं नाव कधी सांगितलं नाही. आजी तशी वाईट नव्हती हो. ती उंबऱ्याच्या आत पाट मांडायची, आत्या बाहेर. दोघी रोज एकाच वेळी जेवायच्या, गप्पा मारत. पण आजीनं शब्द मागे घेतला नाही आणि आत्यानं तो मागे घे म्हटलं नाही. आजी गेल्यावर बाबांनी तिला आत ये म्हणून किती सांगितलं. ती म्हणाली, आता सवय झाली."

"ती मुलगी मी," मी म्हटलं. मंजिरीनं माझा हात धरला.

मी कुंड्यांकडे पाहिलं. नेचे, अळू, मनी प्लांट. रुंद, पातळ, गडद हिरवी पानं. ऊन न मिळणारी झाडं पानं अशीच मोठी करतात, मिळेल तेवढा उजेड घ्यायला. हे मी तीस वर्षं मुलींना शिकवलं, पेपरांत विचारलं, चुकलं तर गुण कापले. आणि इथं शेकडो वेळा बसून चहा प्यायले. फुलणारं एकही झाड तिथं नव्हतं. बाईंनी तपासणीआधी ते दोन आठवडे नमतं घेतलं असतं, तर आम्हा आठ जणींचं काय झालं असतं, ते मला नीट ठाऊक आहे. "बाई, चुकलं हो माझं," मी मोठ्यानं म्हटलं. मग रडले. मंजिरीनं रडू दिलं.

कोपऱ्यात एक छोटी लाकडी फळी होती. तिच्यावर पितळेचं ताट, एक वाटी आणि तांब्या, घासूनपुसून उपडे घातलेले. मी ती भांडी उचलली, उंबरा ओलांडून आत गेले आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीपाशी उभी राहिले. मंजिरीनं घरातली दोन ताटं बाजूला सरकवून जागा केली.